खोली ३९ अंशांवर, प्रोसेसर ८८ अंशांवर

जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, एका रविवारी संध्याकाळी, मी आणि माझ्या भाच्याने त्याच्या घरी एक डेस्कटॉप संगणक जुळवला. तो वास्तुरचनेचा अभ्यास करतो आणि इमारतींची त्रिमितीय चित्रे तयार करण्यासाठी त्याला बऱ्यापैकी वेगवान प्रोसेसर हवा होता. मी टॉवेल आणि चादरींच्या जॅकार्ड नक्ष्यांचे काम बरीच वर्षे संगणकावर करत आलो आहे आणि या काळात तीन-चार संगणक स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा बंद केले आहेत. एवढ्या भांडवलावर घरात मला या विषयातला जाणकार समजले जाते. इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० हा प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा, त्याच्याच खोक्यातून आलेला पंख्याचा कूलर, बी६६० चिपसेटचा मदरबोर्ड आणि समोर जाळी असलेले कॅबिनेट, असा साधा मामला होता. विंडोज बसली, ड्रायव्हर बसले, बहिणीने केलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन झाली, आणि भाच्याने पहिले रेंडर, म्हणजे संगणकाकडून चित्र तयार करून घेण्याचे काम, सुरू केले. पडद्याच्या कोपऱ्यात एचडब्ल्यूइन्फो, म्हणजे संगणकाच्या भागांचे तापमान दाखवणारा प्रोग्रॅम, उघडून ठेवले होते. त्यातला ४१ चा आकडा चार-पाच सेकंदांत ८० वर आणि दहा सेकंदांच्या आत १०० वर जाऊन थांबला.

"मामा, शंभर दाखवतंय की ओ. बंद करू का?"

मी बंद कर म्हणालो. पुढे मे महिन्यात त्याच संगणकावर ८८ हा आकडा पाहून त्याने फोन केला, तेव्हा मी त्याला काम निश्चिंतपणे चालू ठेवायला सांगितले. ऑगस्टमध्ये ८६ दिसले, तेव्हा मात्र मी स्वतः स्क्रूड्रायव्हर खिशात घालून त्याच्या घरी गेलो. "दादा, अठ्ठ्याऐंशीला चालू दे म्हणतोस आणि शहाऐंशीला उघडून बसतोस, हे कसलं गणित?" असे बहिणीने विचारले. तिला तोंडी दिलेले उत्तर तिला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मी ते नीट दिलेही नव्हते. ते आता सविस्तर लिहीत आहे.

आधी त्या शंभराविषयी. आय-फाइव्ह १२४०० साठी इंटेलने दिलेली कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. ही मर्यादा चिपच्या आतल्या, प्रत्यक्ष गणन करणाऱ्या सिलिकॉनच्या तापमानाची असते. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, तर स्वतःचा वेग आणि व्होल्टेज कमी करून तापमान त्या रेषेखाली धरून ठेवतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. त्याउपरही तापमान वाढत राहिले, तर संगणक स्वतःच बंद पडतो. प्रत्येक प्रोसेसरची ही रेषा वेगळी असते, म्हणून शेजाऱ्याच्या संगणकाशी तुलना करण्याआधी आपल्या प्रोसेसरची रेषा कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी. एएमडीच्या रायझन ७६००एक्स ची ती ९५ आहे, तर खेळांसाठी नावाजलेल्या ७८००एक्स३डी ची ८९ आहे. २०२२ साली रायझन ७००० मालिका बाजारात आली तेव्हा एएमडीने स्पष्टच सांगितले होते की पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाणे हे या प्रोसेसरांच्या रचनेतच धरलेले आहे. म्हणजे तिथे ९५ दिसले की तो बिघाड नसून, उपलब्ध थंडाव्यातून जितका वेग काढता येईल तितका तो प्रोसेसर काढत असतो.

मग सत्तर अंशांच्या वर जाऊ देऊ नका, असे सांगणारी मंडळी इतकी ठामपणे का सांगतात? त्यांचे चुकते असे नाही. त्यांचा काळ वेगळा होता. कोअर २ प्रोसेसरांच्या काळात इंटेलच्या तक्त्यांत जी मर्यादा छापलेली असे ती प्रोसेसरवरच्या धातूच्या झाकणाची असे, आणि ती साधारण ६० ते ७२ अंशांच्या आसपास असे. आतले सिलिकॉन तेव्हाही त्याहून गरमच असे, पण लोकांच्या डोक्यात बसला तो झाकणाचा आकडा. त्याहून जुनी भीतीही आहे. २००१ साली संगणकाविषयी लिहिणाऱ्या एका संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरून हीटसिंक, म्हणजे कूलरचा धातूचा ठोकळा, उचलून काय होते ते दाखवले होते. त्या वेळचा एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून गेला आणि इंटेलचा पेंटियम ४ मंदावून जिवंत राहिला. ज्यांनी त्या काळात संगणक जुळवले, त्यांच्या मनातून तो धूर आजही गेलेला नाही. आता दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर स्वतःची काळजी स्वतः घेतात, त्यामुळे चुकीने बसवलेल्या कूलरची शिक्षा धुराऐवजी मंदगतीच्या रूपाने मिळते. आणि ती गुपचूप मिळते, हीच तिची अडचण आहे. भाच्याने एचडब्ल्यूइन्फो उघडले नसते, तर संगणक चालत राहिला असता आणि आम्ही कित्येक महिने तो जरा हळूच आहे म्हणत बसलो असतो. विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचे तापमान दाखवतो, पण प्रोसेसरचे दाखवत नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

त्या रात्री मला शंभर या आकड्यापेक्षा तो ज्या वेगाने आला त्या वेगाने जास्त सांगितले. कूलरचा धातूचा ठोकळा तापायला वेळ लागतो. थंड तव्याखाली गॅस पेटवला तरी भाकरी टाकण्याजोगा तवा व्हायला काही मिनिटे जातातच. प्रोसेसरची उष्णता त्या ठोकळ्यात नीट उतरत असेल, तर भार येताच आकडा पंधरा-वीस अंशांची उडी घेतो, कारण नखाएवढ्या सिलिकॉनला तापायला वेळ लागत नाही, पण त्यानंतर तो संथपणे, मिनिटामिनिटाने चढत जातो. इथे दहा सेकंदांत साठ अंश चढले होते. याचा अर्थ उष्णता ठोकळ्यापर्यंत पोहोचतच नव्हती. मी रेंडर पुन्हा अर्धा मिनिट चालवायला सांगितले आणि कूलरच्या कडेच्या अ‍ॅल्युमिनियमला बोट लावून पाहिले. ते जवळजवळ गार होते. प्रोसेसर शंभरावर आणि त्याच्या डोक्यावरचा धातू गार, एवढ्यावर निदान झाले.

या कूलरला चार कोपऱ्यांवर चार प्लास्टिकच्या पिना असतात. प्रत्येक पिनेचा बाहेरचा फाकणारा पाय मदरबोर्डच्या छिद्रातून पलीकडे जातो आणि मधली खीळ दाबली की तो पाय पलीकडे फाकून अडकतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरच्या दोन पिना एका वेळी दाबायच्या असतात, म्हणजे कूलर एका बाजूला कलत नाही. दाबताना बोर्ड डोळ्यांदेखत वाकतो, आणि नवा कोरा बोर्ड आपल्या अंगठ्याखाली वाकताना पाहून माझा हात चौथ्या पिनेला आखडला होता. टक् असा आवाज आला होता खरा, पण तो अर्धाच होता. कॅबिनेटची मागची पट्टी काढून टॉर्च लावला, तेव्हा तीन पिनांचे पाय पलीकडे फाकलेले होते आणि चौथ्याचे टोक छिद्राच्या तोंडाशीच होते. कूलर एका कोपऱ्यावर कागदभर उचललेला होता. त्यामुळे नवा संगणक जुळवणाऱ्याला माझे सांगणे असे आहे की पिना वरून मोजू नयेत, पाठीमागून मोजाव्यात, आणि शक्य तर कूलर बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी, टेबलावरच बसवावा.

कागदभर फटीने एवढा फरक का पडावा, हा भाच्याचा प्रश्न रास्त होता. उष्णता वाहून नेण्याच्या गुणाचे एक माप आहे. त्यात तांब्याचा आकडा सुमारे ४०० येतो, अ‍ॅल्युमिनियमचा २३५ च्या आसपास, चांगल्या थर्मल पेस्टचा पाच ते दहाच्या घरात, आणि स्थिर हवेचा ०.०२६. म्हणजे पेस्ट धातूच्या तुलनेत अगदीच गरीब, पण हवेच्या तुलनेत शेकडो पटींनी श्रीमंत. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामधल्या सूक्ष्म खळग्यांत हवा राहतेच, आणि पेस्टचे काम ती हवा हुसकून लावणे एवढेच आहे. म्हणून पेस्ट भरपूर लावा, हा एका दुकानदाराने फोनवरून दिलेला सल्ला मी मानला नाही. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. कूलरचा दाब तो स्वतः पसरवतो. खोक्यातल्या कूलरला पेस्ट कारखान्यातूनच लावलेली येते, पण एकदा कूलर उचलला की ती पुसून नवीन लावावी लागते. पुसायला तंतू न सोडणारे कापड हवे असते, आणि टॉवेलच्या गावात तंतू न सोडणारे कापड घरात सापडणे किती अवघड आहे, हे त्या रात्री समजले. शेवटी माझ्या चष्म्याचे कापड कामी आले. नवी पेस्ट दुसऱ्या दिवशी आणली, चौथी पिन पूर्ण बसवली, आणि तेच रेंडर पंधरा मिनिटे चालवल्यावर आकडा ७२ वर स्थिर झाला. खोलीत भिंतीला लावलेला साधा तापमापक २४ दाखवत होता. हे दोन्ही आकडे मी कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर स्केच पेनाने, तारखेसह लिहून ठेवले. त्या दिवशी मी केलेले सर्वांत शहाणपणाचे काम कोणते असेल तर ते हे.

मे महिन्यातल्या फोनचे उत्तर त्या पत्र्यावरच लिहिलेले होते. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, काही दिवस ४३-४४ पर्यंत टेकतो, आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांचा स्लॅब दिवसभर तापून रात्री अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. भाच्याची खोली अशीच, थेट गच्चीखालची आहे. त्याने विचारले, "मामा, पिन परत निसटली वाटतं, अठ्ठ्याऐंशी दाखवतंय." मी त्याला भिंतीवरचा तापमापक वाचायला सांगितला. ३९. अठ्ठ्याऐंशीतून एकोणचाळीस वजा केले की ४९ उरतात. जानेवारीत बहात्तरातून चोवीस वजा केले होते तेव्हा ४८ उरले होते. पिन जागेवर होती, पेस्ट जागेवर होती. बदलली होती ती खोली.

पंख्यावर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या हवेच्या किती वर प्रोसेसर राहील ते ठरवतो. पाण्यावर चालणारे महागडे कूलरही याला अपवाद नाहीत, कारण त्यांच्यातले पाणीसुद्धा शेवटी त्याच हवेत गार होते. तेवढ्याच वॅटचा भार आणि पंख्याचा तेवढाच वेग असेल, तर हा वरचा फरक जवळजवळ कायम राहतो. त्यामुळे थंड प्रदेशात बसून, वीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतलेले आकडे वाचून आपल्या संगणकाची चिंता करणे म्हणजे महाबळेश्वरच्या हवामानावर सोलापूरच्या शेताचे वेळापत्रक ठरवणे आहे. परीक्षणात एखाद्या कूलरखाली ७० अंश लिहिले असतील आणि परीक्षकाची खोली २२ अंशांची असेल, तर आपल्याकडे मेमध्ये तोच कूलर ८७-८८ दाखवणार, आणि ते अगदी बरोबर असणार. काही परीक्षक हा फरकच छापतात. तो आकडा आपल्या उपयोगाचा.

इथे आमच्या घरात एक भाषिक गोंधळ झाला तो सांगण्यासारखा आहे. मी फोनवर म्हणालो की कूलर ठीक आहे, आणि बहिणीने पलीकडून विचारले की कूलर तर अजून माळ्यावरच आहे, तो ठीक असल्याचे दादाला कसे कळले. पाणी भरून चालवायचा तो मोठा कूलर त्या दिवशी खाली उतरवण्यात आला, आणि त्यातून एक छान प्रयोग झाला. कोरड्या हवेत असा कूलर चांगला चालतो; खोली तासाभरात ३९ वरून ३३ वर आली आणि प्रोसेसर ८८ वरून ८२ वर. सहा अंश खोलीचे, सहा अंश प्रोसेसरचे. मात्र त्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटच्या जाळीवर येऊ देऊ नये. चालू संगणक आतून गरम असल्यामुळे त्यात दव साचण्याची भीती नसते, पण झोताबरोबर उडणारे बारीक थेंब आणि आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार बोर्डावर बसू नयेत एवढी काळजी घ्यावी. छताच्या पंख्याने खोलीच्या हवेचे तापमान कमी होत नाही, पण कॅबिनेटच्या मागे साठणारी गरम हवा तो मोडून टाकतो, आणि ते काही कमी नाही.

मग ८८ सुरक्षित आहे का? या प्रोसेसरसाठी, रोज तास-दोन तासांच्या रेंडरसाठी, आहे. शंभराच्या रेषेपासून तो बारा अंश दूर आहे, वेग कमी झालेला नाही, आणि एचडब्ल्यूइन्फोमधल्या थ्रॉटलिंगच्या रकान्यात "नाही" असेच लिहिलेले आहे. मी स्वतः हा रकाना तापमानाच्या रकान्याच्या आधी पाहतो. नुसता संगणक सुरू असताना, काही काम चालू नसताना, हिवाळ्यात ३० ते ४० आणि आपल्या उन्हाळ्यात ४५ ते ५० दिसणे स्वाभाविक आहे. ब्राउझर उघडताच आकडा ३८ वरून ५५ वर उडून परत खाली आला, तर त्यातही काही नाही. प्रोसेसरमधला एकच गाभा (कोअर) क्षणभर पूर्ण वेगाने धावलेला असतो. विंडोज सुरू होण्याआधीच्या, मदरबोर्डच्या स्वतःच्या मांडणीच्या म्हणजे बायॉसच्या पडद्यावर दिसणारा आकडाही विंडोजमधल्या शांत अवस्थेपेक्षा बऱ्याचदा जास्त असतो, कारण तिथे वीज वाचवणाऱ्या झोपेच्या अवस्था सुरू झालेल्या नसतात. आणि कधी कडाक्याच्या थंडीत प्रोसेसर खोलीपेक्षाही थंड दिसला, तर आनंद मानू नये. हे संवेदक वरच्या मर्यादेजवळ अचूक असावेत अशा बेताने केलेले असतात, खालच्या टोकाला ते चार-पाच अंशांनी सहज चुकतात.

तरीही भाच्याच्या मनाला ८८ खुपत होते, म्हणून आम्ही एक बिनखर्ची उपाय केला. या प्रोसेसरचे मूळ वॅटमान ६५ आहे, पण टर्बोमध्ये, म्हणजे वाढवलेल्या वेगात, त्याला ११७ वॅटपर्यंत जाण्याची मुभा आहे, आणि बरेच मदरबोर्ड ही मुभा अमर्याद वेळेसाठी देऊन ठेवतात. आमच्या रेंडरमध्ये तो ७५ वॅटच्या आसपास घेत होता. बायॉसमध्ये जाऊन दीर्घकालीन मर्यादा ६५ वर आणली. त्याच ३९ अंशांच्या खोलीत आकडा ८१ वर आला आणि चौदा मिनिटांच्या रेंडरला साडेचौदा मिनिटे लागू लागली. शेवटचे काही वॅट किती महाग पडतात आणि किती थोडे देतात, हे यावरून दिसते. याहून पुढे जायचे असेल तर साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास मिळणारा, १२० मिलिमीटरचा पंखा आणि तांब्याच्या नळ्या असलेला उभा कूलर बसवावा. फरकाचा आकडा त्याने दहा-पंधरा अंशांनी सहज खाली येतो. आम्ही तो घेतला नाही, कारण भाच्याने ते पैसे दुसऱ्या रॅमसाठी राखून ठेवले आहेत, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

उष्णतेने आयुष्य कमी होते, हे मात्र खोटे नाही. चिपच्या आतल्या अतिसूक्ष्म तारांमधून वाहणारा प्रवाह वर्षानुवर्षे धातूचे अणू थोडेथोडे सरकवत राहतो, आणि तापमानाबरोबर ही क्रिया झपाट्याने वाढते. पण दर दहा अंशांना आयुष्य निम्मे, हा जो नियम सर्रास सांगितला जातो, तो मुळात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा आहे, आणि ते प्रोसेसरमध्ये नसून मदरबोर्डावर आणि पॉवर सप्लायमध्ये असतात. त्यामुळे कॅबिनेटमधली हवा खेळती ठेवण्याचा खरा फायदा प्रोसेसरपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांना अधिक होतो. प्रोसेसरच्या बाबतीत व्होल्टेज हा मोठा वैरी आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जी अस्थिरता दिसली, तिच्या मुळाशी प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळणे होते, आणि त्यावर २०२४ साली मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांच्या, सुधारणा द्याव्या लागल्या. ज्यांच्याकडे त्या पिढ्यांचे प्रोसेसर आहेत त्यांनी तापमानाची काळजी करण्याआधी मदरबोर्डचे बायॉस अद्ययावत आहे की नाही ते पाहावे.

आता ऑगस्टमधले ते ८६. पावसाने खोली २९ वर आलेली होती. पंखा नेहमीपेक्षा जोरात घुमत होता, ६५ वॅटची मर्यादा भाच्याने एका मोठ्या प्रकल्पासाठी काढून टाकलेली होती, म्हणजे भार जानेवारीसारखाच, ७५ वॅटचा. शहाऐंशीतून एकोणतीस वजा केले की ५७ उरतात. पत्र्यावर लिहिलेले होते ४८. खोलीने साथ दिलेली असूनही फरक नऊ अंशांनी वाढला होता, आणि तो एका रात्रीत नव्हे तर आठवड्याआठवड्याने वाढत आला होता. पिन निसटली असती तर आकडा सेकंदांत चढला असता. इथे तो पंधरा-वीस मिनिटे घेऊन चढत होता. म्हणजे उष्णता ठोकळ्यात उतरत होती, पण ठोकळ्यातून हवेत जात नव्हती. बहिणीला जे गणित कळत नव्हते ते एवढेच: मेमधल्या ८८ मागे सोलापूर होते, ऑगस्टमधल्या ८६ मागे संगणक.

कॅबिनेट टेबलाखाली, लाकडी खणात ढकललेले होते. जुन्या संगणक-टेबलांना असा खण असतो, मागून बंद आणि समोरून दार असलेला. सुताराने तो कॅबिनेटसाठीच केलेला असतो आणि कॅबिनेटला त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. मागच्या पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा खणातच फिरून पुढच्या जाळीतून पुन्हा आत येते. आम्ही ते बाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर, जमिनीपासून उंच, एका पाटावर ठेवले. एवढ्यानेच ३ अंश उतरले.

उरलेले सहा अंश पुढच्या जाळीमागच्या फिल्टरमध्ये होते. त्या घराच्या खालच्या बाजूला आणि समोर यंत्रमाग आहेत. दिवसभर खटखट चालू असते आणि सुताच्या तंतूंची बारीक धूळ गल्लीत तरंगत राहते, खिडकीच्या गजांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, टीव्हीच्या मागे बसते. मातीची धूळ कूलरच्या पात्यांमधून बरीचशी निघून जाते, पण कापसाचे तंतू एकमेकांत गुंतून अंगचीच चादर विणतात. फिल्टर ओढून काढला तर त्याच्यावर बोटाच्या पेराएवढा जाड, एकसंध, मऊ थर होता, आणि तो कोपऱ्यापासून धरून उचलला तर अख्खा, न फाटता हातात आला. कूलरच्या पात्यांवर, पंख्याच्या खाली, तसाच दुसरा थर होता, जो वरून पंखा फिरत असल्यामुळे अजिबात दिसत नव्हता. फिल्टर पाण्याने धुऊन वाळवला. पात्यांमध्ये ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, कारण हवेच्या झोताने पंखा त्याच्या क्षमतेबाहेर फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते. तासाभराने रेंडर पुन्हा लावले. खोली २९, प्रोसेसर ७७.

तेव्हापासून फिल्टर दर दुसऱ्या रविवारी निघतो आणि तो काढण्याचे काम भाच्याने आपणहून माझ्या बहिणीच्या धाकट्या मुलीकडे दिले आहे. तिला त्या थराच्या रंगावरून समोरच्या कारखान्यात त्या पंधरवड्यात कोणते टॉवेल विणले ते सांगता येते. परवाचा थर गुलाबी होता, आणि त्याच्या खालच्या अंगाला, आधीच्या आठवड्याची, एक बारीक हिरवी किनार होती.